खाण तशी माती ?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे कीं, ती खरी कीं खोटी हें पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. मुळशीच्या खोऱ्यांतून पुण्यास शिकावयास आलेला एखादा मुलगा उत्तर देण्यास विलंब लावूं लागला, तर ‘याचें डोकेंच बेताचें’ असा निकाल आम्ही शिक्षकही चटकन् देऊन मोकळे होतों. त्याच्या शेतकरी बापास मात्र ठाऊक असतें कीं, आंबेमोहोराचा सुवास हा नुसत्या बियाण्याचा गुण नव्हे; मावळची माती, पाणी आणि गारवा यांचाही त्यांत वाटा असतो. भाताविषयीं जें त्यास कळतें, तें मुलांविषयीं विद्वानांस कळावयास बराच काळ लागला.

बुद्धीचें मूळ वंशांत शोधण्याचा हव्यास युरोपांत एके काळीं फार बळावला होता. १९२७ सालीं इरावतीबाई कर्वे जर्मनीस गेल्या व बर्लिन येथें ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं संशोधन करूं लागल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा संबंध वंशाच्या श्रेष्ठत्वाशीं असावा, असा गुरूंचा तर्क होता. बाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. तर्कास आधार मिळाला नाहीं, आणि तसें त्यांनीं प्रबंधांत स्पष्ट लिहिलें. तो प्रबंध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला.

मग मुलाचा मेंदू घडतो तो कशानें? या प्रश्नाच्या एका अंगावर पुण्याच्याच आसमंतांत प्रकाश पडला. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांच्या गरोदरपणांतील पोषणाचा अभ्यास आरंभिला आणि पुढें त्यांच्या मुलांवरही लक्ष ठेविलें. पुष्कळ मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व अपुरें होतें. तें मुख्यतः दूध, अंडीं, मांस, मासळी अशा अन्नांतून मिळतें, आणि मज्जातंतूंवरील आवरण घडण्यास तें अवश्य असतें. मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यांत आली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा : ज्यांच्या मातांत गरोदरपणीं ब-१२ फार कमी होतें, तीं मुलें अवधान व तात्पुरती स्मृति यांच्या कसोट्यांत मागें पडलीं, सामान्य बुद्धींत मात्र लक्षणीय फरक आढळला नाहीं.

बीजाचा अधिकार येथेंही सर्वस्वीं नाकारतां येत नाहीं. रक्तांत ब-१२ किती राहावें, यावर कांहीं जनुकांचाही प्रभाव असतो. परंतु जन्मास आलेलें बीज आपणांस बदलतां येत नाहीं. आईच्या ताटांतील अन्न बदलतां येतें. त्याच अभ्यासांतील मुलें वयांत आल्यावर, २०१२ पासून, त्यांना हें जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग झाला. नुसतें ब-१२ घेतलेल्या मुली पुढें माता झाल्या, तेव्हां त्यांचीं बालकें आकलन व भाषा यांच्या चांचणींत सरस ठरलीं. बालकांची संख्या लहान होती. तरी दिशा स्पष्ट आहे.

सावकाश उत्तर देणारा मुलगा बुद्धीनेंही उणा, ही आमची समजूत म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे. त्याचें सावकाशपण त्याच्या जन्मापूर्वींच्या अन्नांतूनही आलेलें असूं शकतें. पुढच्या वेळीं तो उत्तरासाठीं थांबला, तर आम्हींही निकाल देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, हें उचित होय.