भट्टीचा भरंवसा

सकाळीं चहाची कपबशी हातीं घेतांना ती ज्या अग्नींतून बाहेर आली त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. कप बशींत नीट बसतो, चहादाणीचें झांकण बरोबर लागतें, दहा बशा एकावर एक ठेविल्या तरी डोलत नाहींत. हें सारें घरांतील माणसें गृहीतच धरतात. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं असा भरंवसा भट्टीच्या धन्यालाहि देतां येत नसे. आणि तो नसल्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी घरांत मोजली जात असे.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यांत टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन व लाँगटन अशीं सहा गांवें लागून वसलेलीं आहेत. १९१० सालीं त्यांचें मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट हें एक नगर झालें. दगडी कोळसा आणि माती हाताशींच असल्यामुळें अठराव्या शतकापासून हा प्रदेश कपबशांचें व ताटांचें मोठेंच ठाणें बनला. कारखाने आणि कामगारांचीं घरें एकमेकांस खेटून उभीं असत. आणि घरांच्या छपरांमधून विटांच्या प्रचंड बाटल्या वर आल्यासारख्या दिसत. ह्याच तेथील भट्ट्या.

बाटली हें केवळ बाहेरचें धुराडें. तिच्या पोटांत घुमटाची एक वाटोळी खोली असे, व खोलीच्या पायथ्याशीं सभोंवार कोळशाचे जाळ. कच्चीं भांडीं जाड मातीच्या डब्यांत भरून ते डबे घुमटापर्यंत रचीत आणि दार विटांनीं बंद करीत. मग दोन-तीन दिवस जाळ चाले. एका खेपेस दहा टनांवर कोळसा लागे. निवण्यास आणखी कांहीं दिवस जात. उष्णतेचा बहुतेक भाग विटा तापविण्यांत व धुराड्यांतून निघून जाण्यांत खर्च होई. भांड्यांच्या वांट्यास थोडाच येई. नवा कोळसा घातला कीं काळा धूर गल्लीवर उतरे, आणि दोरीवर वाळत घातलेलें धुणें पुन्हां धुवावें लागे.

भट्टीचा मुख्य कारागीर जाळाचा रंग पाहून आणि नमुन्याचे तुकडे मधून मधून बाहेर ओढून अदमास बांधी. त्याची नजर कितीहि मुरलेली असली तरी सर्व डबे सारखे तापविणें तिला साधत नसे. जाळाजवळचीं भांडीं वांकत, तर मधलीं कच्चीं राहत. निवतांनाहि धोका असे. सुमारें ५७३ अंश सेल्सिअसला मातींतील गारेचे कण आपलें आकारमान एकदम बदलतात. भांड्याची एक बाजू आधीं निवाली आणि दुसरी मागून, तर त्याला तडा जातो.

आतां हें नुकसान कोणी सोसावयाचें? पुष्कळ कारखान्यांत असा रिवाज होता कीं, भट्टींतून जेवढीं भांडीं चांगलीं निघतील तेवढ्यांचीच मजुरी घडविणाऱ्यास द्यावयाची. त्यानें बशी निर्दोष घडविली, पण दुसऱ्याच्या हातून जाळ कमीजास्त झाला, तर त्याची मेहनत फुकट. भट्टीचें दार उघडेपर्यंत आठवड्याची भाकरी किती हें त्याच्या बायकोला कळत नसे. हातावेगळें होतांना माल जसा असेल त्यावरून मजुरी ठरवावी, ह्या मागणीसाठीं १८३६ सालीं तेथील कामगारांनीं मोठा संप केला. १८३७ च्या आरंभीं तो मोडला, आणि रिवाज पुढें कित्येक वर्षें टिकला.

अदमासाच्या जागीं मोजमाप आणण्याचा प्रयत्न ह्यापूर्वींच सुरू झाला होता. जोसाया वेजवुड ह्या त्याच भागांतील कारखानदारानें मातीचे ठराविक तुकडे भट्टींत ठेवून, ते किती आकसतात ह्यावरून उष्णता मोजण्याची युक्ति १७८२ सालीं मांडली. त्याचे अंश फार चुकीचे ठरले, परंतु एका भट्टीची दुसरीशीं तुलना त्यामुळें करतां येऊं लागली. १८८६ च्या सुमारास बर्लिनमध्यें हेर्मान झेगर ह्यानें ठराविक उष्णतेस वांकणारे मातीचे शंकु तयार केले. त्याच सुमारास फ्रान्समधील ल शातेलिए ह्यानें प्लॅटिनम व ऱ्होडियम ह्या धातूंच्या तारांनीं भट्टींतील उष्णता विजेच्या प्रवाहावरून वाचण्याची रीत व्यवहारोपयोगी केली. १९४० सालीं बार्लस्टन येथें वेजवुडांच्या नव्या कारखान्यांत विजेच्या लांब बोगदेवजा भट्ट्या सुरू झाल्या. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर उतरलेल्या विषारी धुक्यानें हजारों माणसें दगावल्यावर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि कोळशाच्या बाटल्या एकामागून एक थंड पडल्या. शेवटचा जाळ १९७८ सालीं लाँगटन येथें, केवळ स्मृति म्हणून, घालण्यांत आला.

धूर गेला, तरी एक अडचण राहिलीच. तारेनें एका ठिकाणची उष्णता कळते, सगळ्या भट्टीची कळत नाहीं. आणि जी भट्टी अजून बांधलीच नाहीं तिच्यांत तार घालावयाची कोठें? उष्णतेच्या वहनाचें गणित फूरिये ह्या फ्रेंच पंडितानें १८२२ सालींच मांडलें होतें. परंतु शेंकडों भांड्यांमधून वळणें घेत जाणाऱ्या तप्त वायूचा हिशेब हातानें करणें अशक्यप्राय होतें. तें काम संगणकानें पत्करलें.

त्याची रीत सांगावयास सोपी आहे. भट्टीच्या पोकळीचे लहान लहान हजारों घन कल्पावयाचे. प्रत्येक घनांत वायु किती आला व गेला, उष्णता किती आली व गेली, ह्याचा जमाखर्च मांडावयाचा. एका घनाचा खर्च ती शेजाऱ्याची जमा. खरी अडचण वायूच्या दाबाची, कारण दाब ठाऊक नसेल तर वेग कळत नाहीं. ह्यावर १९७२ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील परंपरेंतून सुहास पाटणकर व ब्रायन स्पॉल्डिंग ह्यांनीं एक पद्धति प्रसिद्ध केली. आधीं दाबाचा अंदाज धरावा, त्यावरून वेग काढावा, जमाखर्च जुळत नसेल तर दाब दुरुस्त करावा, आणि हिशेब स्थिर होईपर्यंत हेंच पुन्हां पुन्हां करावें. पाटणकर ह्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्यास व मुंबईस झालेलें होतें, ही गोष्ट मराठी माणसास सुखावणारी आहे. भट्टीचा जाळ कोठें ठेवावा, रांगांमध्यें अंतर किती सोडावें, भिंत किती जाड असावी, ह्या प्रश्नांना आज वीट रचण्यापूर्वीं उत्तर शोधतां येतें तें अशाच पद्धतींच्या आधारें.

अर्थात् संगणक भट्टी पेटवीत नाहीं. मातीचे व विटांचे गुण चुकीचे सांगितले तर तो सुबक पण खोटें चित्र काढून देतो. म्हणून बांधलेल्या भट्टींत तारा घालून त्याचा पडताळा घ्यावाच लागतो, आणि जुन्या कारागिराची नजर तेथें अजूनहि उपयोगी पडते. फरक एवढाच कीं, पूर्वीं प्रत्येक चुकीस टनांनीं कोळसा, गल्लीभर धूर आणि कोणाच्या तरी आठवड्याची मजुरी लागे. आतां पुष्कळशा चुका आंकड्यांतच होऊन तेथेंच सुधारतात. जाळाच्या चुकीचा दंड घडविणाऱ्याच्या चुलीवर बसूं नये, एवढेंच १८३६ चे संपवाले मागत होते.