ड्रॉसोफिला संवर्धन

ड्रॉसोफिला संवर्धन म्हणजे शोभिवंत माशांना जिवंत खाद्य देण्यासाठी ड्रॉसोफिला मेलानोगास्टर या सुमारे ३ मिमी लांबीच्या कीटकाची केलेली पैदास. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ही चिलटे आंबा-पेरूचे नुकसान करणाऱ्या बॅक्ट्रोसेरा प्रजातीतील फळमाशीहून वेगळी आहेत.

काचेच्या बरणीत कुस्करलेले केळे, पीठ, गूळ व यीस्ट यांचे मिश्रण ठेवतात. बुरशी रोखण्यासाठी त्यात थोडे व्हिनेगर घालतात आणि बरणीचे तोंड कापडाने बांधतात. २५° से. तापमानाला अंड्यापासून प्रौढ कीटक होण्यास सुमारे १० दिवस लागतात. पाण्यावर सोडलेले हे कीटक गप्पी, फायटर यांसारखे मासे पृष्ठभागावरच टिपतात. कीटक घरात उडू नयेत म्हणून खुरट्या पंखांचा व्हेस्टिजियल हा उत्परिवर्तित वाण वापरतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी उन्हाळा हा यातील मुख्य अडथळा आहे. तेथे मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. मात्र सुमारे ३०° से.लाच नर वंध्य होऊ लागतात आणि व्हेस्टिजियल वाणाचे पंखही उष्णतेत अधिक वाढतात. म्हणून उन्हाळ्यात बरणी घरातील सर्वांत थंड जागी ठेवणे आवश्यक असते. ती पाण्याच्या परातीत ठेवल्यास मुंग्याही दूर राहतात.