जस्ताची वाफ : जावर ते ब्रिस्टल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पुढचा विषय राजा-राणीचा आहे का. नाही. आजचा विषय आहे जस्त. हो, तेच. आजीच्या न्हाणीघरातल्या बादलीवरचं, गोठ्याच्या पत्र्यावरचं. देवघरातल्या पितळी समईतही ते असतं, कारण पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त.

हा विषय सुचला एका सायकल सहलीत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं ब्रिस्टलहून बाथला जाणाऱ्या सायकलमार्गाने निघालो होतो. जुनी रेल्वेलाइन काढून केलेला तो रस्ता तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. वाटेत वॉर्मली नावाचं गाव लागतं. तिथे एका जुन्या बागेच्या जागी नेपच्यूनचा, म्हणजे रोमन लोकांच्या समुद्रदेवाचा, भला मोठा पुतळा उभा आहे. तो दगडाचा नाही आणि धातूचाही नाही. भट्टीतून निघालेल्या काळ्या धातुमळीचा तो बनवलेला आहे. ज्याची ही भट्टी आणि ज्याची ही बाग, त्याचं नाव विल्यम चॅम्पियन. युरोपात जस्त मोठ्या प्रमाणावर बनवणारा पहिला कारखानदार. १७३८ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं.

माझ्या लेकीने विचारलं, "आई, म्हणजे जस्त इथे शोधलं का?"

मी म्हणाले, "नाही गं. पण उत्तर मोठं आहे. घरी गेल्यावर सांगते." तेच आज तुम्हालाही सांगते.

आधी हे समजून घेऊ की जस्त काढणं इतकं अवघड का होतं. तांबं घ्या, शिसं घ्या, लोखंड घ्या. खनिज भाजायचं, कोळशाबरोबर भट्टीत घालायचं, भाता मारायचा. कोळसा खनिजातला प्राणवायू ओढून घेतो आणि धातू खाली उरतो. माणसाने हजारो वर्षं हेच केलं. जस्त मात्र या रीतीने हाती लागत नाही. त्याचं खनिज कोळशाने मोकळं करायला सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं, आणि जस्ताची वाफ होते ९०७ अंशांवर. म्हणजे धातू सुटतो तोच वाफ होऊन. उघड्या भट्टीत ती वाफ वर जाते, हवा लागताच जळते आणि पांढऱ्या धुराची पूड होऊन बसते. भट्टीवाल्याच्या हाती येते फक्त राख.

मग पितळ कसं बनायचं? रोमन लोकही पितळ करत होते. ते जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांब्याचे तुकडे एकत्र झाकून तापवायचे. सुटलेली वाफ तांब्यातच मुरायची आणि पितळ तयार व्हायचं. निखळ जस्त त्यांनी अशा रीतीने वापरलं, पण वेगळं काढलं नाही. ते काढायचं तर वाफ हवेपासून लपवून थंड जागी उतरवायला हवी.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरातल्या जावर इथे. तिथल्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. आधी शिसं आणि चांदी निघायची. पुढे, चौदाव्या शतकाच्या सुमारास तर नक्कीच, जस्ताच्या भट्ट्या रांगेने पेटू लागल्या.

या विद्येचा लेखी मागही आहे. तेराव्या शतकाच्या आसपासचा 'रसरत्नसमुच्चय' हा रसशास्त्राचा संस्कृत ग्रंथ. त्यात 'खर्परा'तून, म्हणजे जस्ताच्या खनिजातून, सत्त्व काढायची कृती दिली आहे. साहित्य ऐका, निम्मं आपल्या मांडणीवरचं आणि आजीबाईच्या बटव्यातलं आहे. हळद, त्रिफळा, राळ, मीठ, टाकणखार, काजळी, बिब्बा. यातल्या वनस्पती जळून कोळसा होतात आणि तो कोळसाच पुढचं काम करतो. हे सगळं भरायचं कशात? 'वृंताक मूषे'त. वृंताक म्हणजे आपलं वांगं. वांग्याच्या आकाराची मातीची मूस आणि देठाच्या जागी नळी. ज्वालेचा रंग निळ्याचा पांढरा झाला की मुशीचं तोंड खाली करायचं. जे सत्त्व पडतं ते कथलासारखं चमकतं. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचीन रसायनाचा इतिहास लिहिला, तेव्हा हा उतारा इंग्रजी वाचकांपुढे आला.

पण ग्रंथात आहे एका मुशीची गोष्ट. कारखाना कसा चालायचा ते तिथे नाही. ते कळलं जमीन खोदल्यावर.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने, ब्रिटिश म्युझियमने आणि हिंदुस्तान झिंक या कंपनीने मिळून जावरला उत्खनन केलं. लंडनहून पॉल क्रॅडक होते, बडोद्याहून के. टी. एम. हेगडे. १९८३ मध्ये त्यांना भट्ट्यांची एक आख्खी रांग सापडली. एकेका भट्टीत छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा-सहा. आणि मूस कशी? वांग्यासारखी! ग्रंथातला शब्द जमिनीतून जसाच्या तसा वर आला.

रचना अशी होती. भट्टीचे दोन मजले, मध्ये भोकं पाडलेली मातीची जाड फरशी. वरच्या मजल्यावर मुशी उलट्या, देठ खाली करून बसवायच्या. देठाची नळी भोकातून खालच्या थंड मजल्यात उतरायची. वर आग, खाली गारवा. वाफेला वर जायला वाट नाही, म्हणून ती खाली येते, नळीत थंड होते, आणि थेंब थेंब जस्त खालच्या भांड्यात पडतं.

आता तुम्ही म्हणाल, मूस उलटी केली की आतला माल खाली नाही का पडणार? यावरची युक्ती मला सगळ्यात आवडली. भाजलेलं खनिज आणि बाकीचं साहित्य मळून त्याच्या लहान गोळ्या करायच्या, मूस भरायची आणि तोंडात एक काडी खोचायची. उलटी केल्यावर काडी माल धरून ठेवते. भट्टी तापली की गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, काडी जळून जाते आणि तिच्या जागी उरतं वाफेला यायला नेमकं हवं तेवढं भोक. एका काडीत दोन कामं!

मूस एकदाच वापरता यायची. मग तिचं काय करायचं? जावरला जुन्या घरांच्या भिंती अशा वापरून झालेल्या मुशी एकावर एक रचून बांधलेल्या दिसतात. आजूबाजूला लाखो टन भट्टीकचऱ्याचे ढिगारे पसरले आहेत. म्हणजे हा कुणा एका वैद्याचा प्रयोग नव्हता. पिढ्यान् पिढ्या चाललेला उद्योग होता. खाणीत उतरणारे, लाकूडतोडे, कुंभार, भट्टी राखणारे. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

(संगीत)

आता परत ब्रिस्टलला येऊ. चॅम्पियनच्या भट्टीतही वाफ वरून खालीच उतरवली जायची. जावरसारखीच. म्हणून क्रॅडक यांच्यासारख्या अभ्यासकांना वाटतं की ही युक्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या वाटेने हिंदुस्थानातून आली असावी. मात्र तसं सांगणारा एकही कागद अजून मिळालेला नाही. शिवाय त्या काळात युरोपात येणारं जस्त बहुतेक चीनमधून यायचं आणि चिनी भट्टीची रचना वेगळी होती. तेव्हा "इंग्रजांनी चोरलं" असं छाती ठोकून मी सांगणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं आलं तर थोडं थांबा. एवढं मात्र पक्कं आहे, की चॅम्पियनच्या पेटंटच्या कित्येक पिढ्या आधी जावरला हे रोजचं काम होतं. पाठ्यपुस्तकांत जस्त वेगळं करण्याचं श्रेय १७४६ मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफला दिलेलं असतं, तेव्हाही जावरच्या भट्ट्या थंड झालेल्या नव्हत्या.

चॅम्पियनचंही पुढे भलं झालं नाही. १७६९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. आणि ब्रिस्टलच्या पितळेचा एक मोठा गिऱ्हाईक होता गुलामांचा व्यापार. पितळी भांडी आणि कडी पश्चिम आफ्रिकेत देऊन माणसं विकत घेतली जायची. वॉर्मलीच्या बागेत उभं राहिलात तर हेही आठवा.

पण इतरांचा हिशोब मांडताना आपलाही मांडायला हवा. जावर बंद का पडलं?

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत तो उद्योग मोडत गेला. १८१२-१३ चा भीषण दुष्काळ हे एक कारण. दुसरं कारण सांगताना इतिहासकार मराठ्यांच्या स्वाऱ्यांचं नाव घेतात. १७३६ मध्ये बाजीराव पेशवे उदयपूरला गेले आणि मेवाडने खंडणी कबूल केली. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. पुढे शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या ओढाताणीत मेवाड पिळून निघालं. १८१८ मध्ये ते कंपनीच्या आश्रयाला गेलं. तिथे आलेल्या कर्नल टॉडने मराठ्यांना भरपूर दूषणं दिली. तो कंपनीचाच माणूस, आपण तारणहार आहोत हे त्याला दाखवायचं होतं. त्याचं लिहिणं चिमटीत मीठ घेऊनच वाचायला हवं. पण मेवाडच्या खंडणीच्या नोंदी आपल्या मराठी कागदांतही आहेत. त्या टॉडने लिहिलेल्या नाहीत.

आपण अटकेपार झेंड्यांचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच. पण झेंड्याच्या वाटेवर जी गावं लागली त्यांनी काय भरलं, हे आपण फारसं विचारत नाही. मुलूख अस्थिर झाला की खाणीत पाणी भरतं, लाकूड येत नाही, कुंभार दुसरीकडे निघून जातो. आणि भट्टी दोन पिढ्या बंद राहिली की काडी कुठे खोचायची हे सांगणारं कुणी उरत नाही. ग्रंथ पोथीत शाबूत होता. हातातली विद्या गेली. ती परत कळायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आणि कुदळ-फावडं लागलं.

आज जावरच्या खाणी पुन्हा चालू आहेत. हिंदुस्तान झिंक १९६६ मध्ये स्थापन झाली. आता जस्त बहुतेक वाफेने नाही, विजेने काढतात. खनिज भाजून गंधकाच्या आम्लात विरघळवायचं आणि त्यात वीज सोडायची. मुशीची गरजच उरलेली नाही.

घरी आल्यावर मी लेकीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण आई, पुतळा तर फक्त इथेच आहे ना?" मी तिला जावरच्या त्या भिंतींचे फोटो दाखवले. वांग्यासारख्या मुशी, ओळीने रचलेल्या. पुढच्या भारतवारीत उदयपूरला जाणार असाल तर तळी आणि राजवाडे बघाच, पण अर्धा दिवस जावरसाठीही ठेवा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी जुनं पितळेचं काही असेल आणि त्याची गोष्ट असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या रविवारी भेटूच. नमस्कार.