पाहण्याजोगे प्रदर्शन

डिसेंबर उजाडला की सुरतेत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. सरसाण्याच्या प्रदर्शन केंद्रात यंत्रांची दालने सजतात, शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने मांडली जातात आणि सिटीलाइट भागातील महानगरपालिकेच्या विज्ञान केंद्रात मुलांची गर्दी होते. आपल्यापैकी अनेक घरांत नातवंडांना ‘काहीतरी दाखवून आणण्याचे’ काम आता आजी-आजोबांकडे आले आहे. आमंत्रणे पुष्कळ, वेळ थोडा आणि गुडघे कुरकुरणारे, अशी आपली स्थिती. तेव्हा यंत्रांच्या प्रतिकृतींचे कोणते प्रदर्शन पाहावे आणि कोणते सोडावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मुलाला आपण काय दाखवतो यावर ते काय करू पाहील हे पुष्कळसे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार थोड्या इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. खेळणे, शोभेची प्रतिकृती आणि चालता नमुना या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. खेळण्याला मूळ वस्तूशी प्रामाणिक राहण्याचे बंधन नसते. शोभेची प्रतिकृती मूळ वस्तूचे रूप घेते, पण तिचे कार्य घेत नाही. चालता नमुना मात्र रूप आणि कार्य दोन्ही घेऊ पाहतो. लहानशा बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्ये खरोखरच पाणी उकळते, वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरते. असे नमुने घरच्या लेथवर, फावल्या वेळात घडवण्याचा छंद इंग्लंडात फार रुजला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ च्या जानेवारीत ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक काढले, त्याच वर्षी लंडनमध्ये अशा हौशी कारागिरांची संस्था स्थापन झाली आणि १९०७ मध्ये त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या सुरतेत तापीच्या काठी काँग्रेसचे अधिवेशन जहाल-मवाळांच्या वादात उधळले गेले, हे येथील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

चालत्या नमुन्याचे मोल काय, हे कळण्यासाठी आणखी दीडशे वर्षे मागे जावे लागते. ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या बाष्पयंत्राचा एक लहान नमुना होता. तो नीट चालेना, म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट नावाच्या तरुणाकडे सोपवण्यात आला. वॅटने तो दुरुस्त केला, तरी थोडे फेरे होताच यंत्र थांबे. बॉयलरची वाफ पुरी पडत नसे. कारण शोधताना त्याच्या लक्षात आले, की आकार लहान करताना सर्व गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी निम्मी केली तर पृष्ठभाग चौथाई होतो, पण आकारमान एक-अष्टमांश होते. म्हणजे लहान सिलिंडरमध्ये मावणाऱ्या वाफेच्या मानाने त्याच्या भिंती फार मोठ्या असतात आणि त्या वाफ झपाट्याने थंड करतात. हा विचार करता करताच त्याला दिसले, की मोठ्या यंत्रातही प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर तापवण्यात आणि निववण्यात वाफ वाया जाते. त्यातून १७६५ मध्ये वाफ निववण्यासाठी वेगळे पात्र योजण्याची कल्पना निघाली. न चालणाऱ्या एका नमुन्याने जगाला एवढे दिले. मात्र तो उघडून पाहणारा माणूस समोर होता म्हणून.

येथे आपल्याला पहिली कसोटी सापडते. ज्या प्रदर्शनात नमुना काय करू शकत नाही हेही सांगितले जाते, ते पाहण्याजोगे. ‘हा पूल मूळच्या एक-पन्नासांश आहे, पण याच्यावर मूळच्या एक-पन्नासांश वजन ठेवून काही सिद्ध होत नाही,’ असे सांगणारा फलक किंवा माणूस जेथे असेल, तेथे मुलाला अर्धा तास अधिक थांबू द्यावे. प्रमाणाचा उल्लेखच नसेल, तर समोर आहे ती सजावट समजावी.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. लंडनच्या १८५१ च्या भव्य प्रदर्शनाला सुमारे ६० लाख लोकांनी भेट दिली आणि त्यानंतर हिंदुस्थानातही प्रदर्शनांचे व संग्रहालयांचे युग सुरू झाले. मुंबईच्या भायखळ्याचे व्हिक्टोरिया म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील विविध व्यवसायांच्या मातीच्या प्रतिमा आजही पाहण्यासारख्या आहेत. पुढे १८९० हे वर्ष तर आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरले. त्या एकाच वर्षी सुरतेत विंचेस्टर म्युझियम स्थापन झाले, जे पुढे सरदार वल्लभभाई पटेल संग्रहालय म्हणून ओळखले जाऊ लागले. पुण्यात औद्योगिक संग्रहालय स्थापन झाले, जे लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखले गेले आणि आज महात्मा फुले संग्रहालय आहे. आणि बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उघडले.

तिन्ही संस्थांनी आपापल्या परीने मोठे कार्य केले. तरीही पहिल्या दोन आणि तिसरी यांत एक मूलभूत अंतर आहे. संग्रहालयात वस्तू पाहावयाची असते. कलाभवनात ती करावयाची असे. कलाभवनाचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, जन्म १८६३ चा, सुतारकामाची परंपरा असलेल्या समाजातले. रसायनशास्त्राच्या या प्राध्यापकाने धंदेशिक्षण मातृभाषेतून मिळावे असा आग्रह धरला. सुरतेचे गज्जर आणि बडोद्याचे मराठी महाराज यांच्या मेळातून उभी राहिलेली ही संस्था म्हणजे गुजरात-महाराष्ट्राच्या सहजीवनाचे एक उत्तम उदाहरण होय. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाची परंपरा त्या विद्यापीठाच्या तंत्रशाखेत विलीन झाली.

याच कलाभवनात शिकलेल्या एका मराठी तरुणाने १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेला हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो १९१३ मध्ये, म्हणजे या पदकानंतर एकवीस वर्षांनी. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण अशी अनेक वळणे मध्ये आली. प्रतिकृतीमुळे चित्रपट झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण रंगमंच कोठे असावा, प्रेक्षक कोठे बसावा, त्याची नजर कोठे पडावी, याचा विचार लाकूड-पुठ्ठ्यात करून पाहिलेला माणूस पुढे पडद्याकडे वळला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रतिकृती करणाऱ्याला निर्णय घ्यावे लागतात. पाहणाऱ्याला ते निर्णय दिसले, तर प्रदर्शन सार्थकी लागते.

दहा वर्षांनी, १९०२ च्या डिसेंबरात, काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून अहमदाबादेत पुन्हा औद्योगिक प्रदर्शन भरले. त्याचे उद्घाटन सयाजीराव महाराजांनी केले आणि भाषणात देशी उद्योगधंद्यांची पीछेहाट आणि शिक्षणाची निकड यांवर भर दिला. बारा वर्षे कलाभवन चालवून हा राजा व्यासपीठावर उभा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दांमागचा अधिकार कळतो. तेव्हा दुसरी कसोटी अशी, की प्रदर्शनाच्या मागे एखादी कार्यशाळा, शाळा किंवा वर्षभर चालणारे मंडळ आहे की नाही हे पाहावे. तंबू उखडल्यावर मागे काहीच उरत नसेल, तर ती जत्रा. जत्रेला जाण्यात गैर काही नाही; फक्त आपण जत्रेला चाललो आहोत हे ठाऊक असावे.

शासकीय सेवेत असताना काही प्रदर्शनांच्या व्यवस्थेत माझाही थोडाफार हात असे. त्या काळातले एक निरीक्षण नमूद करतो. पाहुणे येण्याच्या वेळी धरणाच्या प्रतिकृतीतून पाणी झुळझुळ वाहे, दिवे लागत, पंप घुमे. पाहुणे गेले की स्विच बंद. दुपारी खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला कोरडे धरण पाहून परतावे लागे. प्रदर्शन जोखावयाचे असेल तर उद्घाटनाचा दिवस टाळावा आणि आडवारी, दुपारच्या सुमारास जावे. त्या वेळी जे चालते, तेच खरे चालते.

आजच्या घडीला आपल्याला सोयीची ठिकाणे कोणती? पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यालगत भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे; ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. सिग्नल, पूल, रस्ते, दिवे यांसह एक अख्खे गाव तेथे मांडले असून त्यातून निरनिराळ्या गाड्या धावतात. वाफेचे इंजिन तेथे वाफेवर चालत नाही, सारे विजेवर आहे. पण कोणती गाडी केव्हा थांबावी आणि कोणती सुटावी याचा हिशेब तेथे उत्तम समजतो. पुण्यास गेल्यास तेथे जरूर जावे. बडोद्यात महाराजा फत्तेसिंह संग्रहालयापाशी लहानसे इंजिन ठेवले आहे. राजघराण्यातील मुलांना राजवाड्यातून शाळेत नेणारी छोटी आगगाडी त्या आवारात धावत असे, तिचे हे इंजिन. आता ते धावत नाही. तरी मुलाच्या उंचीला साजेसे इंजिन जवळून पाहण्याची संधी दुर्मीळच. गायकवाडांच्याच राज्यात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम या अरुंद लोहमार्गावर प्रथम बैलांनी डबे ओढले, ही हकीकत त्या इंजिनापाशी उभे राहून सांगितली, तर मुलाला यंत्र येण्यापूर्वीचे जगही दिसेल.

सुरतेत मात्र माझी पहिली पसंती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनालाच आहे. याचे कारण साधे आहे. मोठ्या प्रदर्शनात वस्तूजवळ विक्रेता उभा असतो. शाळेत कर्ता स्वतः उभा असतो. अर्थात येथेही पारख हवी, कारण तयार प्रतिकृती बाजारात विकत मिळतात आणि थर्मोकोलचे ज्वालामुखी दरसाल तेच असतात. माझा उपाय असा: मुलाला पाठ केलेले भाषण पुरे करू द्यावे आणि मग विचारावे, “बाळ, यातला कोणता भाग तुला पुन्हा पुन्हा करावा लागला?” ज्याने स्वतः केले आहे त्याचा चेहरा उजळतो, पट्टा कसा घसरत होता, मोटार कशी तापत होती, हे तो सांगत सुटतो. ज्याने विकत आणले आहे तो शिक्षकांकडे पाहतो. त्या वेळी त्याला हिणवू नये. कोणी काही न करता करवून आणले असेल, तर दोष त्याच्या वयाचा नाही.

शेवटी एक सूचना आपल्याच मंडळींसाठी. सुरतेतील जुन्या मराठी घरांतून गिरण्यांत, रेल्वेत, वीजमंडळात आणि कारखान्यांत आयुष्य घालवलेली कितीतरी माणसे आज निवृत्त होऊन घरी आहेत. माग कसा बांधतात, धोटा का अडकतो, बेअरिंग आवाजावरून कसे ओळखतात, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे आणि ते कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. आपल्या वार्षिक संमेलनात भाषणे होतात, गाणी होतात. एका कोपऱ्यात चार टेबले मांडून या मंडळींना एकेक चालता नमुना, मग तो हातभर मागाचा असो की साध्या पाणचक्कीचा, नातवंडांच्या मदतीने करून मांडण्यास सांगावे. पदके नकोत, फीत कापणे नको. चाक फिरले नाही तरी चालेल. ते का फिरले नाही हे आजोबा नातवाला सर्वांदेखत समजावून सांगू लागले, की ते प्रदर्शन पाहण्याजोगे झाले असे मी समजेन.