दौंड-मनमाड मार्गावरून जॅझकडे



शिरूरच्या व्याख्यानमालेत जॅझ संगीताचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. घोडनदीच्या काठी भजन, तमाशाची ढोलकी आणि लग्नातला बँड एवढे असताना अमेरिकेतल्या ट्रम्पेटच्या मागे कशाला जायचे? परंतु हे संगीत आपल्या दाराशी कधीच येऊन गेले आहे. आपण त्याला नावाने ओळखले नाही, इतकेच.

दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग 1878 साली सुरू झाला. त्याच मार्गावर गोदाकाठचे पुणतांबे हे स्टेशन आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे आपण ते गाव जाणतो. तेथेच 1918 साली रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांचा जन्म झाला. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी संगीताचे धडे घेतले. तरीही 1947 सालच्या ‘शहनाई’त आणि 1951 सालच्या ‘अलबेला’त त्यांनी जी वाद्ये वाजवून घेतली, त्यांचा धागा थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत जातो.

हा धागा जुळला कसा? गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची श्रमगीते, चर्चमधली भजने आणि लष्करी बँडची वाद्ये यांच्या मिलाफातून जॅझ जन्माला आले. 1917 साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ही मंडळी आली. तेथे श्रोता म्हणून जाणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पण गोव्यातून पोटासाठी मुंबईत आलेले वादक या मंडळींची कला जवळून पाहू शकले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेल्या या मंडळींनी ती विद्या चटकन आत्मसात केली. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. पुढे ते सी. रामचंद्रांचे सहायक झाले आणि ‘अलबेला’त आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसले. अशा रीतीने धनिकांच्या नृत्यगृहातले संगीत गावोगावच्या तंबूतल्या सिनेमापर्यंत पोहोचले.

येथे एक गोष्ट मनाला लागते. चाल संगीतकाराची असे. परंतु व्हायोलिनांनी काय वाजवावे, ट्रम्पेटने कोठे उत्तर द्यावे, हे कागदावर लिहून काढणाऱ्या गोमंतकीय कलावंतांची नावे श्रेयनामावलीत बहुधा नसत. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे किती रसिकांना ठाऊक आहेत? गाणी मात्र सर्वांना पाठ आहेत.

आता चांगले जॅझ ओळखावे कसे? आपला कान त्यासाठी मुळीच परका नाही. ‘ब्लूज’ नावाचा प्रकार बहुधा बारा खंडांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांच्या आवर्तनाचा असतो. प्रथम मुखडा मांडतात. मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपला विस्तार करतो आणि अखेरीस मुखडा परत येतो. हे आपल्याला नवे वाटेल काय? भेद इतकाच की, आपल्याकडे षड्ज अचल असतो. तेथे आधाराला असलेले स्वरसमूह ठरलेल्या क्रमाने बदलतात. टाळी धरायची तर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरावी. चाल लगेच अंगात भिनते.

आरंभ लुई आर्मस्ट्राँग यांच्या 1928 सालच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’पासून करावा. तालाविना एकटा ट्रम्पेट सुरुवात करतो, तो आलापीची आठवण देतो. त्यानंतर ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद ऐकावा आणि मग माइल्स डेव्हिस यांची 1959 सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी. तीत स्वरसमूहांची धावपळ कमी करून थोड्या स्वरसप्तकांतच वादक रमले आहेत. म्हणून रागसंगीताच्या श्रोत्याला ती जवळची वाटते. एकच तबकडी पाच वेळा ऐकावी आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा पाठलाग करावा. पाचव्यांदाही काही नवे सापडले, तर ते जॅझ चांगले समजावे.

परकेपणाचा आक्षेप कोणी घेईलच. पेटीही युरोपातूनच आली आणि 1940 साली आकाशवाणीने तिला दूर लोटले होते. आज पेटीवाचून कीर्तन उभे राहत नाही. उलट दिशेनेही हा प्रवास झाला आहे: जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवादकाने आपल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून रवी असे ठेवले. 1978 साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा सनी रॉलिन्स यांच्यासारखा वादक येथे येऊन वाजवून गेला.

तेव्हा आज घरी गेल्यावर ‘अलबेला’तले एखादे गाणे लावा, मात्र या वेळी शब्द बाजूला ठेवून मागचा ट्रम्पेट ऐका. ज्यांची नावे आपण विसरलो, त्यांचे ऋण फेडण्याचा तेवढाच एक मार्ग आपल्या हाती आहे.