तळटीप : ‘इंदूरचे चित्रकार’

दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली इंदुरात घडलेली पिढी. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२), डी. जे. जोशी, मकबूल फिदा हुसेन ही त्यांतली ठळक नावे. बंदरगावच्या चित्रकाराला भरती-ओहोटी जे देते, ते माळव्यात नदीच्या घाटावर शोधावे लागते : ओले दगड, वाळत घातलेली धुणी, उन्हाने पांढरी पडलेली भिंत. बेंद्र्यांची उमेदीतली निसर्गचित्रे पाहिलेल्याला बऱ्हाणपूरच्या राजघाटावरची सकाळ ओळखीची वाटेल. त्यांनी हाच घाट रंगवला, असा मात्र लेखकाचा दावा नाही. पायऱ्यांवरून उतरणारा उजेड इथे तापीत पडतो आणि हीच तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते.
—संपादक