शांघायच्या धक्क्यावर माळवा

चीन पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, एप्रिल २०१९ मध्ये आला. मनातले चित्र जुन्या पुस्तकांतले होते : सायकलींचे लोंढे, निळे गणवेश, भोंगे. बेजिंगला उतरल्यावर यातले काहीच दिसले नाही. रस्ते अतिशय रुंद, तरी गोंगाट नाही. विजेवरच्या दुचाक्या इतक्या निःशब्दपणे मागून येत की पहिल्याच दिवशी सौ. दोनदा दचकली. हवेत विलो आणि पॉपलर वृक्षांचा पांढरा कापूस तरंगत होता. फळवालीपुढे नोट धरली तर ती गोंधळली. गाडीवर टांगलेल्या चौकटीला फोन दाखवून बाकीची गिऱ्हाइके पैसे देत होती. आपल्याकडेही ही पद्धत तोवर आली होती, पण नोट इतकी परकी झाली नव्हती.

१४०६ ते १४२० या काळात बांधलेला आणि १९२५ पासून संग्रहालय झालेला राजवाडा आम्ही रीतीप्रमाणे पाहिला. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. मी करीत नाही. मला थांबवले ते समोरच्या तिआनआनमेन चौकातील हुतात्मा स्तंभाने. १९५८ साली पूर्ण झालेल्या या स्तंभाच्या पायथ्याशी पांढऱ्या संगमरवरात शिल्पपट आहेत. कठड्यापलीकडून बोट दाखवीत आमच्या मार्गदर्शक मुलीने सांगितले, "पहिला प्रसंग हूमेनचा. १८३९. इंग्रजांची अफू नष्ट केली तो." मग सहज विचारले, "तुम्ही भारतात कुठले?" मी इंदूर म्हणालो. तिला ते नाव ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

हूमेन येथे लिन झेशू या बादशाही अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या मीठ आणि चुन्याच्या पाण्यात विरघळवून समुद्रात सोडल्या. अफू इंग्रज व्यापाऱ्यांच्या ताब्यातली खरी, पण ती सगळी कंपनीच्या बंगाल-बिहारातली नव्हती. तीत माळव्याच्या मालाचाही मोठा वाटा होता. माळवा होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या अमलाखाली, त्यामुळे कंपनीची मक्तेदारी येथे चालेना. १८१८ च्या मंदसौर तहानंतर कंपनीने आधी माल स्वतः विकत घेऊन पाहिला, मग करारांनी वाटा अडवून पाहिल्या. व्यापाऱ्यांनी राजपुतान्यातून कराचीमार्गे पोर्तुगीजांचे दमण गाठले. अखेरीस १८३१ पासून पेटीमागे शुल्क घेऊन मुंबईकडे परवाना देण्याची पद्धत कंपनीने पत्करली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि शुल्क टप्प्याटप्प्याने चढत गेले. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या कारभारातले कौशल्य दिसल्यावाचून राहत नाही, आणि ते दिसते याचेच वाईट वाटते.

आमच्या घरी मोडी लिपीतील एक जीर्ण वही आहे. खापरपणजोबा इंदुरातील एका सावकारी पेढीवर कारकून होते; वही संवत १९१७ नंतरच्या दोन-तीन वर्षांची, म्हणजे इ.स. १८६० नंतरची. शाळेत आम्हांला अभिमानाने शिकवले गेले की तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० साली इंदूरच्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्या रेल्वेने मुंबईकडे काय काय गेले, हे कोणी शिकवले नाही.

बेजिंगहून शांघाय १,३१८ किलोमीटर. गाडीने साडेचार तासांत नेले. पेल्यातला चहा हलला नाही. रात्री ह्वांगपू नदीकाठच्या धक्क्यावर गेलो. पलीकडे पूडोंगचे दिवे, ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर. सारी गर्दी तिकडे तोंड करून छायाचित्रे काढीत होती. माझी पाठ त्या झगमगाटाकडे होती. अलीकडच्या ओळीत हिरव्या तांब्याच्या शिखराची १९२९ ची इमारत आहे, ससून घराण्याची. आता ते पीस हॉटेल. पुण्याचे रुग्णालय आणि मुंबईची गोदी ज्या ससूनांच्या नावाने आपण ओळखतो, तेच हे घराणे. डेव्हिड ससून यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला आला, आणि पुढे माळव्याच्या अफूत या घराण्याचे भांडवल मोठ्या प्रमाणावर गुंतले.

चीनमध्येही पुढे अफू अमाप पिकू लागली आणि एकोणिसाव्या शतकाअखेर घरची अफू आयातीला मागे टाकून गेली, हेही नोंदवले पाहिजे. १९०७ च्या करारानंतर भारताची निर्यात घटत गेली आणि १९१३ मध्ये थांबली. मंदसौर, नीमच येथे आजही सरकारी परवान्याने औषधांसाठी अफू होते. नोकरीची पाच वर्षे मी त्या भागात काढली. फेब्रुवारीत ती पांढरी फुले बहरलेली शेते पाहून पाहुण्यांना मी हौसेने गाडीतून उतरवीत असे.

"त्या हॉटेलात आहे काय एवढे?" सौ.ने धक्क्यावर विचारले. मी म्हटले, "घरी गेल्यावर दाखवतो."

परतल्यावर वही काढली. मोडी वाचणारे एक स्नेही दोन दुपारी बसले. मालाचे नाव एकाही पानावर निघाले नाही. पेट्यांचे आकडे, तोलाई, हुंडणावळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मुंबई.